तीन नंबरचा बावटा



या परिषदेच्या पत्रिकेवर आजचा विषय ‘बालविकासातील विलंबाच्या जोखमीचे पूर्वानुमान’ असा छापला आहे. मालवणात उभं राहून या विषयावर बोलायचं, तर मला आधी वादळी हवेचा इशारा म्हणून बंदरावर लागणारा तीन नंबरचा बावटा आठवतो. दांडी किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. बावटा लागला म्हणजे आपली होडी बुडणारच, असं कुणी समजत नाही. वादळ बाहेरच्या बाहेर निघूनही जातं. पण त्या दिवशी होडी पाण्यात घालत नाहीत, आणि खोल समुद्रात असलेले ट्रॉलर, आपले, गुजरातचे, कर्नाटकचे, देवगड बंदराच्या आडोशाला येतात. देवगडला आडोसा आहे म्हणून त्या बावट्याला किंमत आहे. बाळांच्या बाबतीत बावटे लावण्याची विद्या गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण बरीच शिकलो. आडोसा मात्र अजून अपुरा आहे, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. वैद्यकीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आठ महिन्यांचं एक बाळ आजीच्या कडेवर बसून तपासणीला आलं होतं, सर्दी-खोकल्यासाठी. मी त्याच्यासमोर बिस्कीट धरलं. त्यानं डावा हात पुढे केला. बिस्कीट उजवीकडे नेलं, तरी त्यानं अंग वळवून डावाच हात आणला. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती आणि अंगठा आत होता. आजी कौतुकानं म्हणाली, “आज्यासारखो डावरो जातलो ह्यो.” मीही मान डोलावली आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं. एकोणीस महिन्यांचं झाल्यावर ते बाळ पुन्हा आलं, तेव्हा ते उजव्या पायाच्या चवड्यावर चालत होतं. वर्षाच्या आत मूल डावखुरं किंवा उजवं ठरत नसतं. त्या वयात ते एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हाताला काय झालं आहे ते बघायचं असतं. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. बावटा समोर फडकत होता आणि मी तो कौतुकाचा झेंडा समजलो. त्या अकरा महिन्यांत चांगल्या हाताला मऊ मोजा घालून, खेळणी उजव्या बाजूला ठेवून, त्या मागे पडलेल्या हाताला कामाला लावता आलं असतं. ते अकरा महिने मी त्या मुलाला परत देऊ शकत नाही.

आजची विद्या त्याहून पुढे गेली आहे. तीन महिन्यांचं बाळ पोट भरलेलं, जागं आणि शांत असताना उताणं निजवा. खेळणं दाखवू नका, बोलू नका, नुसतं बघा. मान, खांदे, मनगटं, घोटे यांत बारीक बारीक हालचाली सतत चाललेल्या दिसतात, सगळ्या दिशांनी, हलक्या, नाचल्यासारख्या. ऑस्ट्रियातले प्रेख्टल आणि त्यांचे सहकारी यांनी या हालचालींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नऊ ते वीस आठवड्यांच्या दरम्यान त्या अजिबात नसतील, तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता फार मोठी असते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर हे आठवडे जन्मापासून धरायचे नाहीत. बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. यासाठी यंत्र लागत नाही. मोबाइलवर तीन-चार मिनिटांचं चित्रीकरण आणि ते वाचायला शिकलेला डोळा एवढं पुरतं. असा शिकलेला डोळा आपल्या तालुक्या-तालुक्यात तयार करणं हे अवघड काम नाही.

मोठ्या आकड्यांतून काय दिसतं? २०१८ साली देशातल्या पाच भागांतल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला एक भाग उत्तर गोवा होता, म्हणजे तेरेखोल नदीच्या पलीकडचा आपला शेजार. दृष्टी, श्रवण, फिट्स, वाचा, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता अशा अडचणींपैकी एखादी असलेल्या मुलांचं प्रमाण सहा वर्षांखाली सुमारे ९ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांत १३ टक्क्यांहून जास्त असावं, असा अंदाज त्यातून निघाला. जोखमीच्या यादीत घरी झालेलं बाळंतपण, जन्मताना गुदमरणं, कमी वजन, जन्मानंतरचं आजारपण, मेंदूचा जंतुसंसर्ग आणि खुंटलेली उंची ही सगळी होती. यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे.

त्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा सुरू केला आणि तो थेट ती मुलं प्रौढ होईपर्यंत सोडला नाही. एवढी चिकाटी फार थोड्यांना साधते. ही मुलं सरासरीनं सर्वसाधारण पातळीवर राहिली, पण सोबतच्या मुलांपेक्षा थोडी मागे. घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण यांचाही परिणाम दिसला. वजनाच्या काट्यावरचा आकडा एकटाच भविष्य ठरवत नाही, बाळ ज्या घरी जातं ते घरही ठरवतं, असं मी त्यातून शिकलो.

आता थोडा हिशेब करू. समजा, १००० बाळं तपासली आणि त्यांतल्या १०० बाळांना पुढे खरंच अडचण येणार आहे. आपली चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे, शंभरातली ८० पकडते. उरलेल्या ९०० निकोप बाळांपैकी १५ टक्क्यांवर, म्हणजे १३५ बाळांवर, ती चुकून खूण करते. आपण २१५ घरांना निरोप धाडला, त्यांतल्या १३५ घरांत काहीच नव्हतं. आणि ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवलेल्यांत २० निसटली. चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही, पूर्वानुमान म्हटलं की हे येतंच. म्हणून एकदा तपासून निश्चिंत होता येत नाही, पुन्हा पुन्हा बघावं लागतं. आणि खूण झालेल्या घराला आपण जे देऊ, ते त्या १३५ बाळांनाही हितकारकच असलं पाहिजे. मांडीवर घेऊन बोलणं, गाणं म्हणणं, जमिनीवर पोटावर खेळू देणं, वाटी-चमचा हातात देणं, यानं कुठल्याच बाळाचं नुकसान होत नाही. मग निदानाचा कागद हातात येईपर्यंत थांबायचं कशाला? शिक्का मात्र कुणावरही मारायचा नाही. खेड्यात एकदा लागलेलं नाव शाळेपर्यंत चिकटतं.

‘विलंब’ या शब्दानंही घोटाळा केला आहे. एसटीला विलंब झाला तरी ती येते, तसं मूलही कधीतरी गाठेल असं घरच्यांना वाटतं. “ह्येचो बापूस पण तीन वर्सांचो झाल्यावर बोलूक लागलो,” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. कधी ते खरंही असतं. पण त्याच घरातलं मूल ऐकू येत नसल्यामुळे गप्प असू शकतं. एक महिन्याच्या आत श्रवणाची चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, ही मर्यादा जगभर मान्य आहे. बापसाची गोष्ट ऐकून घ्यावी आणि कानाची तपासणी त्याच आठवड्यात करावी.

आणखी एक बावटा बाळाच्या अंगावर नसतो, आईच्या चेहऱ्यावर असतो. म्हापशातल्या एका रुग्णालयात जन्मलेल्या १७१ बाळांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर ज्या आया उदासीत बुडाल्या होत्या, त्यांच्या बाळांचं वजन आणि उंची सहाव्या महिन्यात कमी भरली, मानसिक विकासाचे गुणही कमी आले. तिथे वापरलेली मोजपट्टी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बसवलेली होती. आपल्याकडे नवरा मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात येणार. सून सासरी, बाळासोबत दिवसभर. आशा ताई सहा आठवड्यांत सहा वेळा त्या घरी जातात. बाळाचं वजन होतं, ताप बघितला जातो. ‘तुला झोप लागते का, रडू येतं का’ हे कोण विचारतं?

आपल्या नोंदींत नसलेली मुलं मला रात्री आठवतात. चिरेखाणीवरच्या झोपडीतली, हापूसच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची, ट्रॉलरवरच्या खलाशांची. हंगाम संपला की ती दुसरीकडे जातात. आता संगणकाला आकडे देऊन जोखमीचा अंदाज काढायचे प्रयोग जोरात आहेत. पोषण ट्रॅकरवर उंची-वजनाच्या नोंदी साठताहेत, त्यांचा उपयोग जरूर व्हावा. पण जे मूल नोंदीतच नाही, त्याच्यासाठी संगणकाकडे कुठला बावटा असणार? आणि नोंद झाली तरी, ‘बोलत नाही’ असं लिहिलेलं मूल नेपाळीत आईशी भराभर बोलताना मी स्वतः पाहिलं आहे.

या कामाची मुळं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. उत्तरेकडच्या टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि ‘अंगणवाडी’ ही कल्पना मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याच्या त्या ध्यासातून वाढली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभही त्याच पट्ट्यात, पालघरला झाला. जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब शोधायला पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जायचं आणि सापडलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी त्याची आखणी आहे.

आडोसा अपुरा पडतो तो इथे. दोडामार्गच्या किंवा वैभववाडीच्या आईला आठवड्यातून दोनदा उपचाराला यायचं, तर दोन दिवसांची मजुरी जाते, एसटीचं भाडं लागतं, आणि घरी दुसरं मूल असतंच. पुढच्या तपासण्यांना गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर. तिसऱ्या फेरीनंतर ती येईनाशी होते आणि आपण कागदावर ‘पाठपुरावा नाही’ असं लिहितो, जणू चूक तिची आहे. माझी मागणी साधी आहे. उपचारक महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावेत. आईला शिकवलेल्या चार गोष्टी अंगणवाडी ताईंनाही शिकवाव्यात, म्हणजे मधले दिवस वाया जाणार नाहीत. येण्या-जाण्याचं भाडं रोख, त्याच दिवशी, हातात मिळावं. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे आणि धोक्याच्या खुणा चित्रांसह छापलेल्या आहेत. माझ्या टेबलावर येणाऱ्या कार्डांत लसीकरणाचं पान भरलेलं असतं आणि विकासाच्या टप्प्यांचं पान कोरं असतं. ते भरलं गेलं पाहिजे.

दुपारच्या सत्रात भाषणं नाहीत. मागच्या दालनात चटया घातल्या आहेत आणि सात आया आपली बाळं घेऊन आल्या आहेत. त्यांच्यासमोर खुर्ची घेऊ नका, जमिनीवर बसा. मुंबईच्या उम्मीद केंद्राच्या सहभागानं तुर्कस्तानच्या डॉ. इल्गी एर्तेम यांनी जी पद्धत चार देशांत पारखून घेतली, तिची सुरुवात आईला मोकळा प्रश्न विचारूनच होते. म्हणून फॉर्म थोडा वेळ पिशवीतच राहू दे. आधी एवढंच विचारा, “बायो, हल्ली काय नवीन शिकलो गो तुझो झील?” आणि तिचं सांगून होईपर्यंत थांबा.