तिनं जायचं कुठं?

मी कुपवाडहून बोलतोय. आज मागून पिकोच्या मशीनचा आवाज येईल, तो सहन करा. आई पुढच्या खोलीत पिको-फॉलचं काम करते. एरवी रेकॉर्डिंग सुरू करताना मी तिला म्हणतो, आई, अर्धा तास थांब की. आज तसं म्हणायची माझी टाप नाही. का नाही, ते येईलच पुढं.

मागचा भाग ज्यांनी ऐकला त्यांना आठवत असेल, आपण प्रतिलिपीवरच्या एका कथामालिकेबद्दल बोललो होतो. आता तो भाग शोधू नका, मी काढून टाकलाय. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. लेखिका टोपणनावानं लिहिते, म्हणून तिचं आणि मालिकेचं नाव घेत नाही. गोष्टीतल्या गावालाही नाव नाही. पण एमआयडीसी आहे, शेजारी मोठं शहर आहे आणि ते शहर या गावाला आपलं म्हणत नाही. म्हणजे आपणच की! 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, नावात आपण तिसरे आलो. पण सांगलीतल्या माणसाला अजून कुपवाडला बोलावलं की तो आधी गाडीतलं पेट्रोल बघतो.

तर गोष्ट अशी. नवऱ्याचं लहानसं वर्कशॉप आहे, दोन लेथ मशीन, जॉबवर्क. बायको बी. कॉम. झालेली. ती एका कारखान्यात हिशेबाचं काम धरते. नवरा मारत नाही, पीत नाही, दुसरीकडे कुठं काही नाही. तो फक्त बोलायचं बंद करतो. निरोप मुलीमार्फत. ‘आईला सांग, वाढ.’ ‘आईला सांग, उद्या डबा नको.’ असं दीड वर्ष. मुलगी दुसरीत आहे आणि तिला वाटतं सगळ्यांच्या घरात असंच असतं. त्या एका वाक्यावर मी थांबलो होतो, खरं सांगतो. आणि मग एका भागाच्या शेवटी बायको बॅग भरते. भाग तिथं संपतो आणि खाली वाचकांचा पाऊस पडतो.

मालिका वाचणं म्हणजे निम्मं हे खालचं वाचणं. वर गोष्ट, खाली पंचायत. कुणी म्हणतं जाऊ दे तिला. कुणी म्हणतं असा नवरा मिळायला नशीब लागतं, न बोलणारा परवडला. एकीनं नुसतं लिहिलं होतं, ‘बॅगेत काय काय घेतलं ते लिहा.’

मागच्या भागात मी यातले काही प्रतिसाद वाचून दाखवले आणि एकावर हसलो. माझ्याच विनोदावर मीच हसलो, ते आणखी वाईट. त्यावर तुमचे व्हॉइस नोट आले, दहा-बारा. त्यातले दोन-तीन आधी घेतो.

पहिला एका जॉबवर्कवाल्याचा. तो म्हणतो, सगळे त्या नवऱ्याला शिव्या घालतायत, पण लेखिकेनं त्याला एकदाही बोलू दिलेलं नाही. पार्ट्या पैसे थकवतात. 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्यात जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलंय, पण कायदा दाखवला की पुढची ऑर्डर जाते. मशीनचा हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातो. अशा वेळी बायको पगार घेऊन घरी आली की माणसाला काय होतं ते कुणी लिहिलंय का?

मुद्दा बरोबर आहे. मला ‘ययाति’ आठवली. वि. स. खांडेकर आपल्या सांगलीत जन्मलेले. 1959 च्या त्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू आपल्याच तोंडानं सांगतात. तरी वाचक देवयानीला बोल लावतातच, ते सोडा. पण तिला बोलायला मिळालं. या मालिकेतल्या नवऱ्याला ते मिळालेलं नाही. आता जो माणूस घरात बोलतच नाही त्याला गोष्टीत तरी कसं बोलवायचं, ही लेखिकेची अडचणही मला समजते. जॉबवर्कवाल्या दादांना एवढंच विचारावंसं वाटतं, की हे सगळं, म्हणजे थकलेलं बिल आणि पाच तारीख, त्यानं बायकोला सांगितलं असतं तर? ती हिशेबच करते हो.

दुसरा नोट एका ताईंचा, चूक काढणारा. एका भागात नायिका रात्री दहाला कारखान्यातून सुटते. ताई म्हणाल्या, बायकांना रात्रपाळी नसतेच. तर, 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बायकांना कामावर ठेवायला मनाई होती. नंतर महाराष्ट्रानं सुरक्षा, वाहतूक वगैरे अटी घालून मुभा दिली. तेव्हा लेखिका अगदीच चुकलेली नाही, पण तिला सोडायला येणारी गाडी दाखवायला हवी होती. पुढं जाऊ.

तिसरा नोट मिरजेच्या एका निवृत्त मास्तरांचा. त्यांचं म्हणणं असं की या बायकांना गोड शेवट लागतो, म्हणून लेखिका रडवून रडवून शेवटी मिटवामिटवी करते. यात साहित्य कुठं आहे? मागच्या भागात माझंही साधारण हेच मत होतं. म्हणून मी परवा रात्री बसून त्या भागाखालचे सगळे प्रतिसाद वाचून काढले. दीड वाजला.

मंडळी, ‘शेवट गोड करा’ असं म्हणणाऱ्या सगळ्या एकच गोष्ट मागत नाहीत. काहींना दोघं पुन्हा बोलायला हवेत. काहींना गोड म्हणजे ती सुटायला हवी. आणि बऱ्याच जणींना यातलं काहीच महत्त्वाचं नाही. त्या विचारतात, ती जाणार कुठं? खोली कुणी दिली? एकट्या बाईला खोली देताना मालक काय म्हणाला? डिपॉझिट कुठून आणलं? रेशनकार्डावरनं नाव काढायचं की ठेवायचं? आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न : तो त्याच बाजारात भाजीला येतो, तर तिनं कुठल्या बाजूनं जायचं?

मुंबईच्या गोष्टीत बाई दार ओढून घेते, लोकल पकडते, तासाभरात तिला ओळखणारं कुणी नसतं. इथं ती निघून निघून जाणार किती लांब? कुपवाडातनं मिरजेला. तिथं नणंदेचं सासर. सांगलीत मामा. विश्रामबागेत खोली घेतली तर मुलीच्या रिक्षात शेजारच्याच पोरी. इथं नातं तोडलं तरी माणूस रोज दिसत राहतो. मग प्रेम आहे का नाही, हा प्रश्न मागं पडतो आणि आठवडी बाजाराचा पुढं येतो. मास्तर, मला वाटतं साहित्य असेल तर ते इथं आहे. लेखिकेला बॅग भरायचा प्रसंग छान जमला. वाचकांना बॅगेनंतरचं हवं होतं, आणि ते लिहिणं अवघड आहे.

लहानपणी आम्ही वाचनालयातनं पुस्तकं आणायचो तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. कोल्हापूरच्या बाबा कदमांच्या कादंबऱ्या तर हातोहात फिरून पानं मऊ झालेली. खाली कुणी लिहिलेलं, ‘झकास.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘झकास काय? तिचं वाटोळं झालं.’ त्याखाली तिसरं, ‘पुस्तकात लिहू नये.’ आई पुस्तक हातात आलं की आधी ते शेवटचं पान बघायची. सांगली नगर वाचनालय 1869 चं. 2019 च्या महापुरात तिथली हजारो पुस्तकं भिजली, लगदा झाला. तेव्हा सगळे दुर्मीळ ग्रंथांबद्दल हळहळत होते, बरोबरच आहे. पण पेन्सिलीनं केलेली ती भांडणंही गेली की, त्यांची यादी कुणाकडं नव्हती. कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर लिहिता आलं होतं.

आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, सांगलीहून कराडकडं जाताना लागणारं स्टेशन. नांगराच्या कारखान्याचं गाव, पण तिथनं ‘किर्लोस्कर’ मासिक निघायचं आणि 1930 पासून ‘स्त्री’. म्हणजे घरातल्या प्रश्नांवर बायकांनी वाचावं-लिहावं यासाठीचं मासिक एका कारखान्याच्या वसाहतीतनं निघत होतं. कुपवाडातल्या पोराला याचा उगाच अभिमान वाटतो. त्यानंतर तीन वर्षांनी, 1933 साली, ह. वि. मोट्यांनी एक पुस्तक छापलं, ‘कळ्यांचे निःश्वास’. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या गोष्टी. काहींच्या तर घरच्यांनाच मुलीच्या पगाराची सवय झालेली. केवढं वादळ उठलं! आणि निम्मा वाद गोष्टींवर नव्हताच. ही विभावरी कोण? बाई आहे की बाईच्या नावाआड पुरुष? लोक तिला हुडकत होते. त्या होत्या बाळूताई खरे, पुढं मालती बेडेकर.

हे पुस्तक मला बी. ए. ला होतं. टोपणनाव का घेतलं, या प्रश्नाला पाच मार्क. मी ‘सामाजिक परिस्थिती’ असं काहीतरी लिहिलं असणार. मार्क मिळाले, कळलं काहीच नव्हतं. कळलं गेल्या आठवड्यात.

आता ते सांगतो.

मागचा भाग टाकल्यावर चौथ्या दिवशी आईनं मशीन थांबवलं. भर कामात ती मशीन थांबवत नाही. म्हणाली, ‘तू ज्या बाईचं वाचून हसलास ती कोण हाय, ठावं हाय का तुला?’ मी म्हटलं, अगं टोपणनाव आहे, कोण ओळखणार? ‘मी ओळखलं. आणि मी ओळखलं म्हणजे गल्लीनं ओळखलं.’

त्या प्रतिसादात नाव नव्हतं, गाव नव्हतं. असेच प्रश्न होते, आत्ता सांगितले तसे. पण एका बारीकशा गोष्टीनं ओळख पटण्यासारखी होती. शहरातल्या कुणाला पटली नसती. आमच्या इथं पटली. ॲपवर ते प्रतिसादांच्या ढिगात पडलेलं होतं, कुणी बघितलंही नसतं. मी ते उचललं, आवाज चढवून वाचलं, वर म्हणालो, ‘या बाई गोष्ट वाचतायत का भाडेकरार?’ आणि तो तुकडा कापून आपल्या इथल्या ग्रुपवरही टाकला, भाग जास्त ऐकला जावा म्हणून. ती बाई आईकडं फॉलला साड्या टाकते. बाहेर तिला दोघीजणींनी विचारलं म्हणे, खोली बघतीयस काय?

तिच्या घरात काय झालं, मला माहीत नाही. आई विचारत नाही आणि मला विचारू देत नाही. मी दुसऱ्या दिवशी ॲपवर बघितलं तर तिचे सगळे प्रतिसाद गेलेले. पहिल्या भागापासूनचे. त्यातले कितीतरी चांगले होते. गोष्टीतल्या सासूबद्दल तिनं जे लिहिलं होतं ते लेखिकेलाही सुचलं नव्हतं, लेखिकेनं तसं खाली कबूलही केलं होतं. ते आता कुणालाच वाचता येणार नाही.

मी मागच्या भागात माफी मागायला हवी असं काहींनी लिहिलंय. मागतो. पण इथं माफी मागणं म्हणजे पुन्हा सगळ्यांसमोर तिच्याकडं बोट करणं, हेही मला कळतंय. म्हणून जे सांगितलं त्यातल्या दोन गोष्टी मी बदलल्यात. कुठल्या, ते विचारू नका, आणि ओळखायच्या फंदात पडू नका, एवढी विनंती.

इथून पुढं तुमचं मत पाठवताना सुरुवातीलाच सांगा, वाचून दाखवायचं की नुसतं मला कळवायचंय. काही सांगितलं नाहीत तर मी वाचणार नाही. आणि ॲपवरचे प्रतिसाद तर नाहीच.

मालिका चालू आहे. कालच्या भागात लेखिकेनं तिला खोली दिली. डिपॉझिट ऑफिसातल्या भिशीतनं, मालकीण विधवा, जिना बाहेरून. गॅसचं अजून काही लिहिलेलं नाही. भाग वाचकांच्या प्रश्नांवरनं लिहिलाय हे उघड दिसतं, आणि मला तो आवडला.

तिची साडी अजून आमच्याकडं आहे. फॉल लावून, घडी घालून, चिठ्ठी टाचून ठेवलीय, फडताळात वरच्या कप्प्यात. आज मी आईला म्हटलं, मी नेऊन देऊ का? मशीनवरनं मान वर न करता म्हणाली, ‘तू नको. मी जाईन, दुपारच्याला.’

पुढच्या शुक्रवारी भेटू. नमस्कार.