चाकाचे वय

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा आत, चहाच्या पातेल्यापाशी असते. व्यासपीठावर उभे राहण्याची ही पहिलीच खेप. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी मोटारीच्या टायरची हकीकत सांगितली होती, ती ऐकून आपल्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हेच सगळ्यांपुढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

टायर हा बायकांनी बोलण्याचा विषय आहे का, असे कुणाच्या मनात येईल. माझ्याही येत होते. पण त्या गाडीत बसतो आपण, आपली मुले बसतात आणि म्हातारी माणसेही बसतात. तेव्हा तिची थोडी विचारपूस आपण केली तर बिघडत नाही.

आमच्याकडे २०१७ सालच्या दसऱ्याला लहानशी मोटार आली. नवी कोरी. आमच्या घराण्यातली ती पहिलीच. नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबू ठेवले, मी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. यजमान वागळे इस्टेटला जातात ते स्कूटरने, त्यामुळे गाडी निघायची ती सणावाराला, लग्नकार्याला, नाहीतर गावी जायला. त्यातली दोन वर्षे तर करोनात दारातच गेली. सात वर्षे होत आली तरी काटा चोवीस हजार किलोमीटरच्या पुढे गेला नव्हता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये माझा मुलगा गाडी धूत होता. तो म्हणाला, "आई, टायरच्या कडेला बारीक भेगा दिसताहेत. बदलायला हवेत." यजमानांनी वाकून पाहिले. म्हणाले, "नक्षी तर शाबूत आहे. आपल्या गाडीसारख्या गाड्यांचे टायर चाळीस-पन्नास हजार जातात. आपले अजून निम्मेसुद्धा झालेले नाहीत." चार टायरचे सतरा हजार होत होते. पैसे माझ्याकडे होते, भिशीचे. पण माझी थोरली मुलगी नाशिकला दिलेली, तिला सातवा महिना लागला होता आणि बाळाच्या बारशाला सोन्याचे डूल करायचे म्हणून मी ते बाजूला ठेवले होते. मी म्हटले, "टायर पुढच्या वर्षी बघू." तेव्हा नाही म्हणणारी मीच होते, हे आज सर्वांसमोर कबूल करते.

मे महिन्यात आम्ही दोघे तिला बाळंतपणाला आणायला नाशिकला निघालो. सकाळी लवकर निघायचे ते घरच्या कामात दहा वाजले. ऊन कडक होते. भिवंडी गेली, पडघा गेले, वाशिंद ओलांडले. आसनगाव यायचे होते, तेवढ्यात मागच्या बाजूला फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. यजमानांचे एक चांगले की ते घाबरून जात नाहीत. त्यांनी ब्रेकवर जोराने पाय दिला नाही. दोन्ही हातांनी चाक सरळ धरून ठेवले, वेग आपोआप उतरू दिला आणि हळूहळू कडेला घेतले. मागून ट्रक येत होता, तो भोंगा वाजवीत बाजूने निघून गेला.

खाली उतरून पाहिले तर मागच्या डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. मी मागच्या सीटकडे पाहिले. मुलीला टेकायला म्हणून मी तिथे उशी आणि जुनी गोधडी घालून ठेवली होती. आम्ही जाताना हे घडले. येताना घडले असते तर ती त्या सीटवर असती. त्या विचाराने माझे पाय लटपटले, मी तिथेच दगडावर बसले.

स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा कमी. सात वर्षांत कुणी पाहिलीच नव्हती. ती कशीबशी लावून अगदी हळू शहापूर गाठले. तिथल्या टायरच्या दुकानात कामाला एक तरुण मुलगा होता. त्याने बाकीची चाके पाहिली आणि मला जवळ बोलावले. म्हणाला, "काकू, हे वाचा बघू." टायरच्या बाजूला इंग्रजीत खूप काही कोरलेले असते. त्यातला एक लांब क्रमांक त्याने दाखवला. त्याच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे होते, २२१७. तो म्हणाला, "पहिले दोन म्हणजे आठवडा, मागचे दोन म्हणजे साल. २०१७ सालच्या बाविसाव्या आठवड्यात हा टायर कारखान्यातून निघाला. गाडी कमी चालली हे खरे, पण टायर म्हातारा झाला."

भगिनींनो, दर दसऱ्याला मी त्या चाकांसमोर बसून हळदकुंकू वाहिले होते. सात वर्षे ते आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. सातवी शिकलेल्या बाईला चार आकडे वाचता येत नाहीत असे नाही. ते वाचायचे असतात हेच ठाऊक नव्हते.

त्या दिवसानंतर मी विचारून विचारून जी माहिती गोळा केली, ती आता सांगते.

टायर दोन प्रकारांनी संपतो. एक घासून आणि दुसरा वयाने. आपल्या खोपटच्या डेपोतली एसटी रोज शेकडो किलोमीटर धावते. तिचा टायर म्हातारा व्हायच्या आत घासून जातो. मग त्यावर पुन्हा नवे रबर चढवतात, त्यासाठी महामंडळाची स्वतःची सोय आहे. टॅक्सीचेही तसेच, टायर आधी घासतो. पण आपली घरची गाडी सणावारापुरती निघते. तिचे किलोमीटर कमी होतात आणि वर्षे मात्र सगळ्यांसारखीच जातात. म्हणून घरच्या गाडीत नक्षी शाबूत असताना टायर निकामी झालेला असू शकतो. आम्ही फसलो ते इथेच.

रबर कसे म्हातारे होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुकरची रिंग काही वर्षांनी कडक होते आणि शिटी होण्याऐवजी कडेने वाफ जाऊ लागते. गॅसची रबरी नळी वरून चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलावी, हे आपण जाणतो. सिलिंडर आला की त्याच्या वरच्या पट्टीवरचे अक्षर आणि साल पाहून तपासणीची मुदत उलटली नाही ना, हेही आपल्यापैकी पुष्कळजणी पाहतात. टायर हा त्याच जातीचा. हवा, ऊन आणि उष्णता यांनी रबर आतून सुकत जाते. टायरच्या रबरात ते टिकावे म्हणून काही पदार्थ घातलेले असतात. गाडी चालत राहिली की रबर हलते आणि ते पदार्थ वरपर्यंत येत राहतात. महिनोन्महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तसे होत नाही, म्हणून उभ्या गाडीचे टायर लवकर तडकतात. वापरला नाही म्हणजे टिकला, हा हिशेब साडीला लागू पडेल, टायरला नाही.

मग बदलायचे कधी? पुष्कळ मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला असे सांगतात. टायर कंपन्या म्हणतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दिसायला कितीही चांगला असला तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका. आपल्याकडचे ऊन आणि खड्डे पाहता मी आमच्या घरी सहा वर्षांची मर्यादा धरली आहे. वर्षे मोजायची ती टायर बनल्यापासून. गाडी घेतलेली तारीख धरू नका. गाडीबरोबर आलेला टायर गाडीहून काही महिने थोरला असतो.

घासण्याची खूणही टायरवरच असते. नक्षीच्या खोल खाचांमध्ये आडव्या लहान उंचवट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. त्याखालच्या टायरवर मोटार चालवणे कायद्यातही बसत नाही. पण आपल्या ठाण्याचा पाऊस पाहता तिथपर्यंत थांबूच नये. त्या खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे. घोडबंदर रस्त्यावर पाणी साचले असताना खाचा उथळ असल्या तर चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक लागत नाही. तीन मिलिमीटर उरले की नव्या टायरची तयारी करावी.

आणखी एक गोष्ट हवेची. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते आणि सुटते. त्याने तो आतून तापतो आणि लांबच्या रस्त्यावर भर वेगात फुटतो. हवा किती भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर बहुधा लिहिलेले असते. महिन्यातून एकदा, गाडी चालवण्याआधी, चाके थंड असताना पाहावी. स्टेपनीचीही पाहावी. आमची फजिती विसरू नका.

आता तर लांबचे प्रवास वाढले. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत उघडला आणि जून २०२५ मध्ये आपल्या भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा रस्ता. तिथे टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याने नाक्यावर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. पण दारातून निघण्याआधी आपणच तपासले तर कुणी परत पाठवण्याची वेळ येणार नाही.

शहापूरच्या मुलाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. आम्ही त्या दिवशी दोनच टायर घेतले. मी म्हटले, नवे पुढे लाव. तो म्हणाला, "नाही काकू, नवे मागे. पुढचे घसरले तर चालकाला काहीतरी करता येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते." आणि जुने टायर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, असेही बजावले. गुळगुळीत टायरवर पुन्हा खाचा पाडून, काळे पॉलिश मारून विकतात. त्या पॉलिशखाली भेगा दिसत नाहीत. ते ऐकून मी यजमानांकडे पाहिले, कारण दसऱ्याला तसलेच पॉलिश आम्हीही लावत होतो.

आमच्या शेजारच्या वहिनी त्या दिवशी म्हणाल्या, "असे सगळे पाहत बसलो तर संसार कसा चालायचा? सतरा हजार काय झाडाला लागतात?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. मीही तेच म्हटले होते. म्हणून आता मी दरमहा तीनशे रुपये टायरच्या नावाने वेगळे ठेवते. सहा वर्षांत वीस हजारांच्या वर होतात. एकदम काढायचे म्हटले की जीव कासावीस होतो, हे तसे जाणवत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. दोन टायर शहापूरला घेतले, बाकीचे दोन आणि स्टेपनी नाशिकला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी बदलली. त्यात भिशीचे पैसे संपून वर थोडे घालावे लागले. मग मुलीला गाडीत बसवले. कसाऱ्याच्या घाटात तिने विचारले, "आई, तू माझा हात इतका घट्ट का धरून ठेवला आहेस?" मी काही बोलले नाही. तिला हे सर्व बाळंतपण झाल्यावर सांगितले. नात झाली. बारशाला सोन्याचे डूल झाले नाहीत, चांदीचे वाळे केले. ते वाजवीत ती आता घरभर धावते.

आज घरी गेल्यावर एवढे करा. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी खाली वाकून ते चार आकडे वाचा. बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतील, पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी उचलली की विचारा. वाचून ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, दूधवाल्याचा हिशेब लिहितो तसे. ज्यांच्याकडे स्कूटर आहे त्यांनीही पाहा, तिच्या टायरवरही ते असतात. आणि घरात कुणी म्हणाले की बायकांना यातले काय कळते, तर त्यांना शांतपणे साल विचारा.

 चहा तयार असेल, मी आत जाते.