ऑटोमॅटिक गाडी, घाट आणि तो एक सेकंद

हेडफोन लावलेत ना? आज गाड्यांबद्दल बोलायचंय. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की ऑटोमॅटिक गाडी दाबली तरी लगेच पळत नाही, त्यावर काही उपाय आहे का? मी मेकॅनिक नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. पण या प्रश्नाने मला दोन आठवडे झोपू दिलं नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखं थोडंफार आहे.

सुरुवात कुंभार्ली घाटातून. गौरी-गणपती आटोपून आम्ही चिपळूणहून पुण्याला निघालो होतो. शेजारी बाबा, मागे आई. चढ, पुढे लोड भरलेला ट्रक, रस्ता दोन लेनचा. एक सरळ पट्टा मोकळा दिसला. मी गाडी उजवीकडे काढली आणि ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला. आणि गाडी... थांबली. म्हणजे ब्रेक लागला नाही, पण ओढही नाही. जणू विचार करत होती. तेवढ्यात समोरच्या वळणावरून एसटी आली. मी ब्रेक दाबून परत ट्रकच्या मागे घुसलो. काही झालं नाही. पण हात थरथरत होते.

कोयनानगरला चहाला थांबलो. आई गप्पच होती. बाबा म्हणाले, "अरे, आधी गिअर कमी करायचा, मग गाडी बाहेर काढायची."

मी म्हटलं, "बाबा, ऑटोमॅटिक आहे. ते ती स्वतः करते."

"हो, बघितलं मी आत्ता."

घरी आल्यावर मी शोधायला लागलो, तर सगळीकडे एकच वस्तू दिसली: थ्रॉटल कंट्रोलर. छोटा डबा, किंमत काही हजार. पेडलचं कनेक्टर काढायचं, मध्ये हा जोडायचा, की गाडी म्हणे रॉकेट. ऑर्डर करणारच होतो. पण सवय वाईट. म्हटलं, आधी बघू तरी आपल्या गाडीत उशीर नक्की कुठे होतो.

तर साखळी अशी आहे. आजच्या गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यात केबल नसते. पेडलला सेन्सर असतो. तो सांगतो, पाय किती दाबलाय. हा सिग्नल इंजिनच्या कंप्युटरकडे, म्हणजे ईसीयूकडे जातो. ईसीयू त्याच्याकडच्या मॅपमध्ये बघून ठरवतो, की याला किती ताकद द्यायची. मग एक छोटी मोटर थ्रॉटलची झडप उघडते, हवा आत जाते, इंजिन जोर लावतं. टर्बो असेल तर तो फिरायला आणखी क्षणभर जातो.

आणि मग येतो गिअरबॉक्स. माझी गाडी एएमटी आहे. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमुळे एएमटी स्वस्त गाड्यांत आली, नंतर बऱ्याच कंपन्यांनी दिली. माझी कोणती, ते महत्त्वाचं नाही, कारण हा प्रकार सगळ्याच एएमटीत कमी-जास्त असतो. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्याऐवजी मशीन करतं. क्लच सोडव, गिअर बदल, क्लच परत जोड. एवढा वेळ इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचतच नाही. चढावर तर गाडीचा वेग उलट पडतो.

एका मित्राला शेजारी बसवलं, पहाटे रिकाम्या रस्त्यावर गेलो, त्याने मोबाईलवर पेडल आणि मीटरचा व्हिडिओ काढला. पाय तळाला टेकल्यापासून गाडी ओढ घेईपर्यंत सेकंदाच्या वर वेळ जात होता, आणि त्यातला बहुतेक वेळ गिअर बदलण्यात.

एक सेकंद म्हणजे काय? ताशी ४० किलोमीटरने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोरची एसटीही ४० ने येत असेल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला २२ मीटरने कमी होतं. घाटात २२ मीटर खूप असतात हो.

आता तो डबा काय करतो ते ऐका. तुम्ही आत्ता मला ज्या व्हॉल्यूमवर ऐकताय, त्याचं उदाहरण घ्या. समजा एखाद्या ॲपने असं केलं, की स्लायडर अर्ध्यावर नेला की आवाज फुल्ल. ऐकताना वाटेल, वा, स्पीकर जोरदार झाला! पण फुल्ल आवाज तेवढाच आहे. डबा हेच करतो. तुम्ही ३० टक्के दाबलं, तर ईसीयूला ५० सांगतो. गावात गाडी चटपटीत वाटते, हे खरं. पण १०० टक्के दाबलं की १०० च्या पुढे सांगायला त्याच्याकडे काही नाही. आणि घाटात माझा पाय आधीच तळाला होता! म्हणजे ज्या क्षणासाठी मी पैसे घालणार होतो, त्या क्षणी तो डबा काहीच करणार नव्हता. उशीर गिअरबॉक्समध्ये, आणि मी औषध पेडलला लावत होतो. वर ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना एएमटीचे झटके वाढले असते, ते वेगळंच.

ऑर्डर रद्द. मग मी केलं काय?

पहिलं, मॅट. हसू नका. कंपनीच्या मॅटवर मी दुसरी जाड मॅट टाकली होती. पेडल तिच्यावर टेकत होतं, पूर्ण खाली जातच नव्हतं. वरची मॅट काढली. खर्च शून्य. शिवाय मॅटमध्ये पेडल अडकलं तर काय होईल, याचा विचार करा.

दुसरं, सर्व्हिस. पेट्रोल गाडीच्या थ्रॉटल बॉडीत कार्बन धरतो, तो साफ करून घेतला. एएमटीचा क्लच झिजतो तसा त्याचा पकडायचा बिंदू सरकतो. स्कॅनर लावून गिअरबॉक्सला तो परत शिकवता येतो. सर्व्हिसवाल्याला "क्लच लर्निंग करा" म्हणा, त्याला कळतं. माझ्या गाडीचे झटके यानेच कमी झाले. तुमच्या गाडीत इको मोड असेल तर ओव्हरटेकच्या आधी बंद करा, त्यात पेडल मुद्दाम सुस्त केलेलं असतं.

तिसरं, माझा पाय. एएमटी वरचा गिअर घेते तेव्हा पाय जरासा सैल करायचा, जसा मॅन्युअलमध्ये आपोआप करतो. डोकं पुढे-मागे हलायचं थांबतं. आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची नाही, त्याने क्लच जळतो. ब्रेक लावा.

चौथं, आणि खरं काम याने झालं: एम मोड. ट्रकच्या मागे असतानाच लिव्हर एमवर घ्यायचा, गिअर एक खाली आणायचा, इंजिनचा आवाज वाढू द्यायचा, आणि मग समोर बघायचं. एएमटी गिअर बदलायला वेळ तेवढाच घेते. पण तो वेळ आता तुमच्या लेनमध्ये, ट्रकच्या मागे जातो. समोरच्याच्या लेनमध्ये नाही.

म्हणजे बाबा चहा पिताना जे बोलले होते, तेच. मला ते कळायला बीटेक, दोन आठवडे आणि एक व्हिडिओ लागला.

तुमची गाडी एएमटी नसेल तर? टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद ऑइलमधून जाते, त्यामुळे एवढा खंड पडत नाही. पण त्याचं ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच आणि वेळेवर बदला, नाहीतर शिफ्टिंग बिघडतं. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, दोन पुल्या आणि बेल्ट. दाबलं की आधी आवाज चढतो, वेग मागून येतो. तिथे दाबून लगेच बाहेर निघू नका, ओढ आली की निघा. ड्युअल क्लच झटपट असतो, कारण पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो. पण त्याने वरचा तयार ठेवला आणि तुम्ही खालचा मागितलात, तर तोही अडखळतो. गिअरबॉक्स कुठलाही असो, गाडीला आधी सांगा, मग बाहेर काढा.

दिवाळीत परत त्याच घाटातून आलो. दोनदा एम घेतला, समोर बघितलं आणि ओव्हरटेक केलाच नाही. तिसऱ्यांदा केला, आरामात झाला. बाबांनी विचारलं, "काही नवीन बसवलंस का गाडीत?"

मी म्हटलं, "नाही, एक मॅट काढली."

चला, आज इतकंच. गाडी चालवताना ऐकत असाल तर मला मेसेज नंतर करा, आधी घरी पोचा. भेटू पुढच्या भागात!