अंधारांतील दीर्घायुषी

सन १६८९ मध्यें वाल्वाझोर नांवाच्या एका विद्वान सरदारानें आपल्या कार्निओला प्रांताचें वर्णन ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. तो प्रांत आज स्लोव्हेनिया देशांत मोडतो. तेथील लोकांची समजूत अशी कीं, डोंगराच्या पोटांत एक महासर्प राहतो आणि अतिवृष्टीनंतर झऱ्यांतून वाहून येणारे फिकट जीव हीं त्याचीं पिलें होत! वाल्वाझोरला मात्र ही गोष्ट पटली नाहीं.

त्या जीवाचें नांव ओल्म. कातडी माणसाच्या अंगासारखी म्हणून स्लोव्हेनियन लोक त्याला ‘मनुष्यमासोळी’ म्हणतात. परंतु तो मासा नव्हे. तो बेडकाचा दूरचा नातलग, म्हणजे सॅलॅमँडर. आपल्या देशांत सॅलॅमँडर पहावयाचा तर दार्जिलिंगकडे जावें लागेल.

बेडूकमाशाचे कल्ले झडतात, पाय फुटतात आणि तो जमिनीवर येतो, हें आपण लहानपणीं पाहिलें असेल. ओल्मचें बालपण मात्र संपतच नाहीं. तो दहा-बारा इंच वाढतो, प्रजा उत्पन्न करितो, तरी मानेवरचे तांबडे कल्ले तसेच राहतात आणि पाणी सुटत नाहीं. पुढील पायांस तीन बोटें, मागील पायांस अवघीं दोन! पिलाला डोळे असतात; पुढें त्यांवर कातडी चढते. मग वासावर, पाण्यांतील कंपनांवर, फार काय, भक्ष्याच्या अंगांतील सूक्ष्म विद्युतेवरही तो आपली उपजीविका चालवितो. अन्न न मिळाल्यास वर्षानुवर्षें उपाशी राहतो.

आणि त्याला घाई कसली ती नाहीं. वयांत येण्यास सुमारें पंधरा वर्षें. त्यानंतर अंडीं सरासरी साडेबारा वर्षांनीं एकदां, तींही पस्तीसच्या आसपास. फ्रान्समधील मूलिस येथें १९५२ पासून पाळलेल्या ओल्मवरून शास्त्रज्ञांनीं अनुमान केलें आहे कीं, हा जीव शंभरी ओलांडूं शकतो. हर्झेगोव्हिनांतील एका गुहेंत तर एक ओल्म २५६९ दिवसांनंतर त्याच जागीं सांपडला. पोस्तोयना येथील गुहेंत २०१६ सालीं एका मादीनें चौसष्ट अंडीं घातलीं. चार महिने पहारा करून त्यांतील बावीस पिलें हातीं लागलीं, तेव्हां केवढा आनंद झाला!

चुनखडीच्या त्या प्रदेशांत पावसाचें पाणी मातींत फारसें गाळलें न जातां फटींतून थेट खालीं उतरतें. वर जें सांडेल तें खालीं पोंचतें. क्रूपा नदीच्या उगमाजवळ १९८३ मध्यें असेंच एक विष उघडकीस आलें. विजेचे कपॅसिटर बनविणाऱ्या एका कारखान्याचें पीसीबी नांवाचें रसायन जमिनींत मुरून झऱ्यांत उतरलें होतें. पुढें कित्येक वर्षांनीं तपासणी झाली, तेव्हांही तेथील ओल्मच्या शरीरांत तें भरपूर सांपडलें. इतर जलचरांच्या पिढ्या मध्यंतरीं आल्या आणि गेल्या. परंतु १९८३ सालीं त्या झऱ्याखालीं जे ओल्म होते, त्यांपैकीं कांहीं आजही तेथेंच असण्याचा पुष्कळ संभव आहे.