मूळच्या कुठल्या?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



"काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?" पंचवीस वर्षं जिन्यात हा प्रश्न ऐकतेय. अहो, पेणच्या! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात आमचे तेलाचे घाणे. शनिवारी बंद, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणायचे.

ठाण्यातलं आमचं सिनेगॉग १८७९ सालचं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पूर्वी बसायला जागा नसे. आता कधीकधी दहाव्याची वाट बघतो. कितीतरी नातलग इस्राएलला गेले, माझी मुलगीही.

म्हणून आम्ही बायकांनी जुनी कीर्तनं पुन्हा म्हणायला घेतली. हरिदासांची कीर्तनं ऐकून आमच्या पूर्वजांनी १८८० च्या सुमारास ती सुरू केली. कथा मोशेची, भाषा आणि बाज मराठी! परवा एक चाल अडली, ती आपल्या भजनी मंडळानंच बसवून दिली. तिकडे नात फोनवर ऐकते आणि शब्दांचे अर्थ विचारते.

तुमच्यातला कुणी आमचा दहावा होऊ शकणार नाही. पण गाणाऱ्याला ऐकणारे हवेतच ना? पुढच्या मलिद्याला घरी या. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं... आणि कीर्तन.