सभा त्यांची, कागद आपला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक कापसाच्या भावाची, आणि यांनी रत्नागिरीचं काय काढलं, असं काहींच्या मनात आलं असेल. तिथं कापूस नाही, ज्वारी नाही. वर जांभ्या दगडाचा सडा, उतारावर हापूस आणि काजू, खाली खाडी आणि मासेमारी. पाऊस आपल्या तिप्पट-चौपट. पण पुढारी गावात येतो, सभा होते, टाळ्या होतात आणि मग काय होतं, ही गोष्ट त्यांची आणि आपली एकच आहे.

आपली आठवण ताजी आहे. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी यवतमाळ जिल्ह्यात दाभडीला आले, शेतकऱ्यांशी चहावर बोलले. त्या निवडणुकीत उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा देऊ म्हणाले. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच सरकारनं सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की असा भाव देता येणार नाही, बाजार बिघडेल. पुढं २०१८ ला दीडपट दिल्याचं जाहीर केलं, तर हिशेबातून जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज गळालेलं. सभेतला शब्द एक आणि कोर्टातला कागद दुसरा.

आता कोकणात चला. राजापूर तालुक्यात नाणारला तीन सरकारी तेल कंपन्यांचा मोठा शुद्धीकरण कारखाना आणायचं ठरलं. वर्षाला सहा कोटी टन तेल. त्यासाठी राजापूरची चौदा आणि देवगडची दोन गावं, सुमारे पंधरा हजार एकर. १८ मे २०१७ ला जमिनीची अधिसूचना निघाली. विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बैठका घेतल्या, ग्रामसभांचे ठराव करून घेतले, जमीनमालकांची असंमतीपत्रं गोळा केली. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांनाही बरोबर घेतलं, कारण सातबाऱ्यावर त्यांचीही नावं.

११ एप्रिल २०१८ ला दिल्लीत सौदी अरेबियाच्या आराम्को कंपनीशी करार झाला. बारा दिवसांनी, २३ एप्रिलला, उद्धव ठाकरे यांची नाणार भागात सभा झाली. उद्योगमंत्री सुभाष देसाई व्यासपीठावर होते. त्यांनी तिथंच जाहीर केलं, जमिनीची अधिसूचना रद्द. लोकांना वाटलं, जिंकलो. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले, मंत्र्याला तो अधिकारच नाही. दोघं एकाच सरकारातले! आता गावकऱ्यानं कुणाचं खरं मानायचं?

खरं झालं ते दहा महिन्यांनी. लोकसभेची निवडणूक आली. १८ फेब्रुवारी २०१९ ला दोन्ही पक्षांची युती झाली, तेव्हा प्रकल्प लोक मान्य करतील तिथं हलवू असं ठरलं, आणि २ मार्चला अधिसूचना रद्द झाल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात ठराव आणि असंमतीपत्रं होती, म्हणून नाणारचा विषय युतीच्या बोलण्यात आला, असं आम्ही मानतो. नुसत्या टाळ्या असत्या तर कोण विचारतो?

पण थांबा. १७ सप्टेंबर २०१९ ला मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा राजापुरात आली. या वेळी प्रकल्प हवा म्हणणारे लोक सभेत मोठ्या संख्येनं आले. ती गर्दी पाहून मुख्यमंत्री म्हणाले, नाणारचा फेरविचार करावा लागेल. म्हणजे विरोधक जमले तर रद्द आणि समर्थक जमले तर फेरविचार. व्यासपीठ म्हणजे तराजू, ज्याची माणसं जास्त त्याच्या बाजूला झुकतं. दोष समर्थकांना देऊ नका, त्यांनी आपलं म्हणणं मांडलं, तो त्यांचा हक्क.

पुढचं आणखी वाईट. १२ जानेवारी २०२२ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते. त्यांनीच पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातली बारसूची जागा सुचवली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथं माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, अश्रुधूर झाला, लाठी चालली. ६ मे ला ठाकरे बारसूला गेले आणि लोकांच्या बाजूनं बोलले. जिथं सभा होते तिथं शब्द, जिथं सभा नाही तिथं पत्र. त्याआधी ६ फेब्रुवारीला राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला एका गाडीनं उडवलं होतं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. जमिनीच्या व्यवहारात किती पैसा फिरतो ते यावरून समजा.

कारखाना नकोच, असं आमचं म्हणणं नाही. शेतीवरचा भार कमी व्हायचा तर उद्योग लागतीलच, आणि याबाबत आमच्यात एकमतही नाही. पण ज्याची जमीन त्याची संमती, आणि किंमत त्यानं ठरवायची, यात मतभेद नाही. कापूस आम्ही सांगितल्या भावानं विकत नाही हे रडगाणं आहेच, निदान जमीन तरी तशी जाऊ नये.

आणि हे आपल्याकडे आजच नसेल, उद्या येईल. महामार्ग, खाण, वीजप्रकल्प. म्हणून माडबनचंही ध्यानात ठेवा. जैतापूरच्या अणुप्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० ला तिथं झाली. मराठी अहवाल वेळेवर मिळाला नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. सुनावणी ही पुढाऱ्याची सभा नव्हे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे तिची किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, आणि शेवटी कार्यवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. लेखी हरकतीही घ्याव्या लागतात.

तेव्हा पुढारी आपल्या तालुक्यात येईल तेव्हा सभेला जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. जा. पण ग्रामसभेचा ठराव सह्यांसह, दोन प्रतींत घेऊन जा. एक त्याच्या हातात द्या, दुसरीवर तहसील कचेरीत पोच घ्या. आणि सुनावणी असेल तर कार्यवृत्त वाचून होईपर्यंत मंडपातून एकानंही उठू नका. वाचताना आपलं बोलणं गळलं असेल तर तिथंच उभं राहून सांगा, आणि ते लिहून घ्यायला लावा.