विचारणा बाईलाही व्हावी
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



या मंदिराच्या कामात घमेले उचलण्यापासून वर्गणी देण्यापर्यंत मायबहिणींचाही हात लागला. पण ग्रामपंचायतीची निवडणूक आली की "उभे राहता का?" असे आपण पुरुषालाच विचारतो. जागा महिला राखीव निघाली, तरी विचारणा नवऱ्याकडेच होते.

राज्यात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. उरलेल्या जागांवरही, आपापल्या प्रवर्गात, स्त्री उभी राहू शकते. आडकाठी कायद्याची नाही, आपल्या मनाची आहे. यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेड्याने तर १९८९ साली, घटनेत आरक्षण येण्यापूर्वीच, महिलांचे संपूर्ण पॅनेल निवडून दिले.

पुढाऱ्यांनी येत्या निवडणुकीत बाईला समक्ष विचारावे, एवढीच ग्रामदैवताचरणी प्रार्थना करून मी आपले दोन शब्द पुरे करतो.